पेटीपाशी बसायला माणूस

दुकानदारांवरचा तो कर सरकारनं रद्द केला, त्या दिवशी गोपाळकृष्ण करडे यांनी कसबा पेठेत इतके पेढे वाटले की संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या घरी, पद्मजावहिनींच्या हातावर ठेवायला एकही उरला नव्हता. "राहू दे," वहिनी म्हणाल्या, "कर माझ्यावर थोडाच होता."

करड्यांचं दुकान तांब्यापितळेच्या भांड्यांचं, तिसऱ्या पिढीचं. गोपाळराव व्यापारी संघाचे अध्यक्ष आणि गल्लीतल्या गणपती मंडळाचेही अध्यक्ष. दोन्हीकडे माणसं तीच, सतरंजी तीच आणि भांडणंही तीच, त्यामुळे त्यांना दोन ठिकाणी काम करतो असं कधी वाटलंच नाही. जकात उठली आणि तिच्या जागी हा नवा कर आला, तेव्हा आता दुकानात इन्स्पेक्टर शिरणार म्हणून पेठेतल्या लोकांनी शटरं खाली ओढली होती. गोपाळराव भर उन्हाळ्यात बंद दुकानापुढे खुर्ची टाकून बसले. लग्नसराईचं गिऱ्हाईक डोळ्यांदेखत परत गेलं तरी माणूस हलला नाही. दोनेक वर्षांनी सरकार नमलं, म्हणून हे पेढे.

आता कोणी म्हणेल, करबुडवा असणार. तर तसं मुळीच नव्हतं. मागितलं ते ते भरत आले होते, फक्त मागणाऱ्याचं तोंड दिसलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. स्वतःहून द्यायचं असेल तर मात्र हात असा सढळ की वहिनींनी कुलूप लावावं. शाळेला पंखे दिले, स्मशानात बाकडी दिली, दर उन्हाळ्यात पाणपोई. भरणं वेगळं आणि देणं वेगळं, असं ते म्हणत. भरलेल्याची पावती कपाटात जाऊन पडते, दिलेल्याची पाटी भिंतीवर लागते. पेठेत असा विचार करणारे ते एकटे नव्हते, हे सांगायला नकोच.

गल्लीच्या टोकाला महापालिकेचं सार्वजनिक प्रसूतिगृह आहे. दगडी जोतं, वर कौलं, आत फिनेलचा वास. गोपाळराव तिथेच जन्मले, आणि त्याच पावसाळ्यात समोरच्या कुलपांच्या दुकानातले मैनुद्दीनही. दोघांच्या आयांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या, ही गोष्ट दोघांनी एकमेकांना इतक्या वेळा सांगितली होती की आता ती कोणाच्या आईनं कोणाला सांगितली हेही आठवत नसे. मैनुद्दीन मंडळाचे खजिनदार होते. गणपतीच्या दिवसांत हिशेब त्यांच्याकडे आणि आरडाओरडा गोपाळरावांकडे, अशी वाटणी कित्येक वर्षं बिनबोभाट चालली होती.

पेढ्यांच्या पुढच्या वर्षी प्रसूतिगृहातल्या श्यामला सिस्टर गोपाळरावांच्या दुकानात आल्या. बाई कमी बोलणारी, आणि बोलली की समोरच्याला खुर्ची सोडून उभं राहावंसं वाटावं अशी.

"गोपाळराव, तुमचं वर वजन आहे म्हणतात," त्या म्हणाल्या. "तर एक काम करा. बाळांच्या खोलीला माणूस मिळवून द्या."

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी तिथे एक लहान खोली होती. तिच्यात एक जुनाट काचेची पेटी आणि तीन सिस्टर. त्यांतल्या एक निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरली नाही. दुसऱ्या कंत्राटावर होत्या, मार्चअखेरीस कंत्राट संपलं ते संपलंच. उरल्या श्यामला सिस्टर. त्या ड्यूटीवर असल्या की खोली उघडी, त्या घरी गेल्या की खोलीला कुलूप आणि बाळ मोठ्या दवाखान्याच्या वाटेला.

"का पण? माणूस का देत नाहीत?" गोपाळरावांनी विचारलं.

"पैसे नाहीत म्हणतात. करातून यायचे ते गेले. सरकार भरपाई देतं, पण ती येते तेव्हा येते, आणि येते तेव्हा पुलाला लागते. पूल दिसतो ना रस्त्यावरून. सिस्टर दिसत नाही."

गोपाळरावांना हे जरा झोंबलं. ते झोंबलं म्हणूनच बहुधा त्यांनी बाईंच्या बोलण्यातलं त्यांना सोयीचं तेवढं उचललं. "जुनाट पेटी म्हणालात ना? किती जुनी?"

"पेटीचं नंतर बघू. आधी माणूस."

"सिस्टर, पेटी आम्ही देतो. नवी कोरी. एवढी चांगली पेटी बघून सरकारलाच लाज वाटेल आणि माणूस आपसूक येईल."

श्यामला सिस्टरांनी पर्स काखेत मारली आणि पायरी उतरून गेल्या. त्यांना हसायची सवय असती तर त्या हसल्या असत्या.

पण गोपाळरावांनी मनावर घेतलं की घेतलं. गणपतीची वर्गणी मागतात तशी पेटीची वर्गणी मागत मंडळाची पोरं दुकानोदुकानी फिरली. आणि खोटं कशाला बोला, लोकांनी दिलीही भरभरून. ज्यांनी करासाठी शटरं ओढली होती त्यांनीच गल्ला उघडून दिले. मैनुद्दीनांनी तर त्या वर्षी ईदला घरात कोणाला नवे कपडे घेतले नाहीत. त्यांचा मुलगा सिराज हिंजवडीत कंपनीची बस चालवायचा, त्यानंही पगारातले दिले. पेटी आली. काच अशी की आरसा मानावा, वर बाळाच्या श्वासावर नजर ठेवणारं छोटं यंत्र, आणि खाली पितळी पाटीवर देणगीदारांची नावं. पाटी अर्थातच करड्यांच्या दुकानातली. तिसऱ्या ओळीत मैनुद्दीनांचं नाव.

पेटीचं उद्घाटन मंडळाच्या रीतीनं झालं. म्हणजे ढोल-ताशा, हार, नारळ, आणि पेटीच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, जे श्यामला सिस्टरांनी मागून स्पिरिटनं पुसलं. कंपनीचा एक तरुण आला होता. तो पेटीची कळ न् कळ समजावून सांगत होता. बाळाचा श्वास थांबला की यंत्र कसं वाजतं तेही त्यानं वाजवून दाखवलं. पण दारात ढोल असे घुमत होते की खोलीतल्या लोकांना त्याचे ओठ हललेले तेवढे दिसले. गोपाळराव पाहुण्यांच्या खांद्यावरची शाल नीट करत होते. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

माणूस काही आला नाही. पेटीवर श्यामला सिस्टरांनी पांढरा अभ्रा घातला. त्यांच्या ड्यूटीत तो निघायचा, ड्यूटी संपली की परत चढायचा.

त्याच सुमारास मैनुद्दीनांची सून नसीमबानू हिला दिवस गेले. याआधी दोनदा दिवस राहिले होते, पण टिकले नव्हते. त्यामुळे मैनुद्दीनांच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, जणू आवाजानं काही दुखावेल. सिराजनं नारायण पेठेतल्या एका खासगी दवाखान्यात नाव घालून ठेवलं होतं. तिथे अशा बाळांची सगळी सोय होती. खर्च होता, पण घरात त्यावर कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

गोपाळरावांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते रस्ता ओलांडून कुलपांच्या दुकानात जाऊन बसले.

"मैनुद्दीनभाई, हे काय ऐकतोय मी? घरची पेटी सोडून नारायण पेठेत?"

"डॉक्टर म्हणाले जपायला पाहिजे," मैनुद्दीन किल्ली कानशीनं घासत म्हणाले. "मागचं तुम्हाला माहीतच आहे."

"म्हणूनच म्हणतो. त्यांच्याकडे असेल नसेल त्यापेक्षा आपली पेटी नवी आहे. पाटीवर तुमचं नाव आहे. तुम्हीच तिकडे गेलात तर पेठेतली बाकीची लोकं काय म्हणतील? द्यायला पेटी आणि वापरायला नारायण पेठ?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आपण दोघं तिथेच जन्मलो. तुमचा नातूही तिथेच होऊ दे. मी आहे ना."

मैनुद्दीन बराच वेळ घासत राहिले. ते नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण पन्नास वर्षांत त्यांनी गोपाळरावांना नाही म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी किल्ली फुंकली, कुलपात घालून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "बघतो सिराजशी बोलून." त्या आठवड्यात नारायण पेठेतलं नाव काढून टाकलं.

नसीमबानूला कळा सुरू झाल्या त्या फार आधी, आठवा महिना लागायच्याही आत. रविवार होता. बाळ दुपारी झालं. मुलगा, तळहातावर मावेल एवढा. ड्यूटीवर वॉर्डातली एकच सिस्टर, तिच्याकडे आणखी दोन बायका अडलेल्या. पेटी कशी लावायची हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिनं बाळ कापसात गुंडाळलं आणि मोठ्या दवाखान्याला फोन लावला. तिथल्या पेट्या भरलेल्या होत्या. आणा, पण एका पेटीत दोन ठेवावी लागतील, असं उत्तर आलं. नारायण पेठेतली जागा तर केव्हाच दुसऱ्या कोणाला गेली होती.

"हलवायचं नाही," गोपाळराव व्हरांड्यात उभे राहून म्हणाले. "आपली पेटी इथे रिकामी असताना बाळ दुसऱ्याच्या अर्ध्या पेटीत? श्यामला सिस्टरांना बोलवा."

श्यामला सिस्टरांची सुट्टी होती. त्या वारज्याहून रिक्षानं आल्या, घरच्याच साडीत. आल्या तशा खोलीत गेल्या, अभ्रा काढला, पेटी लावली, बाळ आत ठेवलं. बाळाचा निळसर रंग हळूहळू गुलाबी झाला. गोपाळरावांचे डोळे भरून आले. काचेतून ते लेकरू पाहताना त्यांना वाटलं, आयुष्यात एक काम तरी सार्थकी लागलं. त्यांना खरंच तसं वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

श्यामला सिस्टर बाहेर आल्या. "मी डॉक्टरमॅडमशी बोलले. जागा झाली की हलवा म्हणाल्या. माझंही तेच म्हणणं आहे."

"पेटी नीट चालते ना?"

"पेटी चालते हो. ही एवढीशी बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. तळपायाला टिचकी मारली की पुन्हा घेतात. ती टिचकी पेटी मारत नाही. तिथे रात्रंदिवस कोणीतरी बसायला लागतं."

"तुम्ही आहात की."

"हो," श्यामला सिस्टर म्हणाल्या. "मी आहे."

आणि त्या बसल्या. रविवारी घरी गेल्या नाहीत, सोमवारी गेल्या नाहीत. पद्मजावहिनी डबा घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी एका हातानं पोळी खाल्ली, दुसरा हात पेटीच्या खिडकीतून आत होता. डॉक्टरमॅडम सकाळी येऊन गेल्या. त्यांच्यावर असे तीन दवाखाने टाकलेले होते, त्यामुळे त्या यायच्या त्याच मुळी निघायच्या घाईत. मोठ्या दवाखान्यात जागा झाली नव्हती. सिराज बसची फेरी बदलून घेऊन आला, काचेला नाक लावून उभा राहिला आणि परत गेला. नातेवाइकांना आत मनाई होती. बाहेरचे जंतू बाळाला सोसत नाहीत.

मंगळवारी दुपारी मैनुद्दीन आणि गोपाळराव व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. बाकही मंडळानंच दिलेलं. आतल्या वॉर्डातून एकदम आरडाओरडा ऐकू आला. एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं, आणि तिथली सिस्टर एकटी होती. ती दारात येऊन ओरडली, "ताई, लवकर या, बाई जाते माझ्या हातातनं."

श्यामला सिस्टर खोलीतून बाहेर आल्या. दाराशी एकदा थबकल्या, मागे पेटीकडे पाहिलं, दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं आणि वॉर्डाकडे धावल्या.

व्हरांडा शांत झाला. समोर झाडावर कावळे बसले होते. मैनुद्दीनांच्या हातात तसबी होती, मणी एकेक सरकत होते. थोड्या वेळानं उघड्या दारातून बारीक आवाज येऊ लागला. टीं, टीं, टीं, असा एका लयीत. गोपाळरावांनी मान वळवली. हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"ऐका," ते कौतुकानं म्हणाले. "कशी चालते बघा आपली पेटी. दोन दिवस दार लावलेलं होतं म्हणून ऐकू येत नव्हती."

मैनुद्दीन हसले. त्यांनी मणी सरकवायचे थांबवले आणि डोळे मिटून तो आवाज ऐकत राहिले. नातवाचाच आवाज असल्यासारखे. पेटी वाजत राहिली. रक्तदाब मोजायला आलेली कोणी म्हातारी व्हरांड्यातून चालली होती, तिलाही गोपाळरावांनी थांबवून सांगितलं, "ती आमच्या मंडळाची पेटी." म्हातारी बरं म्हणाली आणि पुढे गेली.

श्यामला सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते. व्हरांड्याच्या वळणावर त्यांच्या कानांवर आवाज पडला आणि त्या धावल्या. धावताना त्यांची एक चप्पल बाकाजवळ निघाली. गोपाळराव ती उचलून द्यायला उठले आणि दारात पोचून तिथेच उभे राहिले. सिस्टर तळपायाला टिचक्या मारत होत्या. मग त्यांनी बाळ बाहेर काढलं, तोंडाला तोंड लावलं, दोन बोटांनी छाती दाबली, पुन्हा टिचकी मारली. पेटी वाजतच होती. मधेच त्यांनी हात लांब करून ती बंद केली. त्यानंतर जी शांतता झाली ती गोपाळराव मरेपर्यंत विसरणार नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी बाळ कापडात गुंडाळलं. दाराकडे वळल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त थकवा.

"केव्हापासून वाजत होती?" त्यांनी विचारलं.

गोपाळरावांच्या मागे मैनुद्दीन येऊन उभे होते. तो आवाज कसला होता ते त्यांनाही एवढ्यात कळलं होतं, हे गोपाळरावांना मागे न बघताच समजलं.

"आत्ताच, सिस्टर," मैनुद्दीन म्हणाले. "तुम्ही आलात तेव्हाच सुरू झाली."

खोटं बोलणं त्या माणसाला कधी जमलं नव्हतं. पेठेत सगळ्यांना ते ठाऊक होतं. श्यामला सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गोपाळरावांकडे, आणि बाळ आजोबांच्या हातात दिलं.

दफनाला गोपाळराव गेले. मूठभर माती टाकली. सिराज त्यांच्याकडे बघत नव्हता, आणि तो बघत नाही याचंच त्यांना बरं वाटलं, इतकी त्यांची अवस्था वाईट होती. घरी आल्यावर अंघोळ करून ते पाटावर बसले आणि ताटाकडे बघत राहिले.

"अहो, दोन घास तरी खा," पद्मजावहिनी म्हणाल्या.

"नारायण पेठेत वाचला असता."

वहिनींनी नाही म्हटलं नाही. त्यांच्या स्वभावात खोटा दिलासा नव्हता. त्यांनी ताट उचललं.

तेराव्याची रीत मैनुद्दीनांच्यात नाही, पण गोपाळराव मनाशी कसलं तरी सुतक पाळत होते. दुकान उघडायचे आणि गिऱ्हाइकाशी बोलायचे नाहीत. एक दिवस उठले आणि तडक महापालिकेच्या कचेरीत गेले. ज्या साहेबांच्या सहीनं दवाखान्यांत माणसं नेमली जात, त्यांच्यापुढे उभे राहिले. साहेबांचं नाव श्रीधर, वय निवृत्तीच्या आसपास. नम्र माणूस, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"त्या पेटीला माणूस द्या," गोपाळराव म्हणाले.

"देता आला असता तर दिला असता. नवी भरती बंद आहे. ज्या जागा रिकाम्या होतील त्या रिकाम्या ठेवा, असं आहे."

"पेटी घेतलीत ना आमची?"

"पेटी घ्यायला आम्हाला कधीच अडचण नसते, करडेसाहेब. पेटी पगार मागत नाही. रजा मागत नाही. देणाऱ्याला फोटो मिळतो, घेणाऱ्याला पेटी मिळते." साहेबांनी चष्मा पुसला. "तुमचा कर गेला त्या दिवशी मीही पेढा खाल्ला. तुमच्याच संघाची माणसं आणून देऊन गेली होती. चांगला होता."

गोपाळरावांना वाटलं, या माणसानं आपल्यावर ओरडावं, टेबल उलथावं, पण हा असं शांत बोलतोय. ते खाली मान घालून जिना उतरले. बाहेर फाटकाशी त्यांच्याच बंदचा जुना फलक कोणीतरी उन्हापासून सायकल झाकायला वापरला होता. त्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती.

व्यापारी संघाची बैठक झाली ती मंडळाच्या हॉलमध्ये. सगळी पेठ हजर होती. आधी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली झाली. मैनुद्दीन मागच्या रांगेत होते. मग खेळण्यांचे व्यापारी सर्जेराव उठले आणि म्हणाले की झालं ते फार वाईट झालं, पेठेच्या काळजाला चटका बसला. तर आपल्या मैनुद्दीनभाईंच्या नातवाच्या स्मरणार्थ प्रसूतिगृहाला दुसरी पेटी द्यावी. एक कमी पडली, दोन असल्या तर अशी वेळ येणार नाही. लोकांनी माना हलवल्या. दोघातिघांनी तिथल्या तिथे आकडे बोलून टाकले.

गोपाळराव उभे राहिले. बोलायला उभे राहायची त्यांना जन्माची सवय, पण त्या दिवशी त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"पेटी नको," ते म्हणाले. "पेटी कमी पडली नाही. माणूस कमी पडला. आपण सगळ्यांनी मिळून एका सिस्टरचा पगार देऊ. दुकानामागे थोडं थोडं येईल. फार नाही."

"एकदाच ना?" कोणीतरी विचारलं.

"एकदा देऊन कसं चालेल? दर महिन्याला. दर वर्षी. बाळं काय थांबणार आहेत?"

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. ज्याचा धंदा मोठा त्यानं जास्त."

सर्जेराव हसून म्हणाले, "गोपाळराव, प्रत्येक दुकानानं, दर महिन्याला, धंद्याच्या हिशेबानं. अहो, मग तो करच झाला की."

सगळा हॉल हसला. मनापासून हसला, त्यात दुष्टपणा काही नव्हता. मैनुद्दीनही मागे बसल्या जागी थोडे हसले, लोक हसतात म्हणून हसतो तसे. गोपाळराव उभेच होते. याच हॉलमध्ये, याच लोकांना, तो कर म्हणजे जिझिया आहे असं त्यांनी टेबल बडवून सांगितलं होतं, आणि तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. ते खाली बसले. दुसऱ्या पेटीचा ठराव एकमतानं मंजूर झाला. पाटीवर बाळाचं नाव काय घालायचं, असं कोणीतरी मागे वळून मैनुद्दीनांना विचारलं.

"नाव ठेवलं नव्हतं," मैनुद्दीन म्हणाले. "ठेवायचं होतं."

दुसरी पेटी आली. श्यामला सिस्टरांनी ती पहिलीच्या शेजारी भिंतीला लावून घेतली आणि तिचा अभ्राही शिवून तयार ठेवला. पावसाळ्यात त्या स्वतः निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कोण, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कोणाला सांगितलं नाही.

या वेळी ढोल नकोत, एवढं एकच गोपाळरावांनी संघाकडे मागितलं, आणि ते त्यांना मिळालं. हार झाले, नारळ झाला. कंपनीचा तोच तरुण आला होता. छोट्याशा खोलीत माणसं दाटीवाटीनं उभी होती. गोपाळराव आणि मैनुद्दीन पुढे, पाटीजवळ. तरुणानं उष्णतेची कळ दाखवली, खिडकी उघडून दाखवली, मग एक वायर हातात धरली.

"आणि हे सगळ्यात महत्त्वाचं," तो म्हणाला. "बाळाचा श्वास थांबला तर हे वाजणार. कितीही लांब असलात तरी कळणार. ऐका."

त्यानं वायर ओढली. टीं, टीं, टीं. शांत खोलीत तो आवाज स्वच्छ उमटला. भिंतीशी उभ्या असलेल्या श्यामला सिस्टरांनी मान खाली घातली. गोपाळरावांचा हात आपसूक शेजारच्या मैनुद्दीनांच्या मनगटाकडे गेला. मैनुद्दीनांनी हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

तरुणानं आवाज बंद केला आणि हसऱ्या चेहऱ्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "ऐकू आला ना सगळ्यांना?"

"हो," मैनुद्दीन म्हणाले. "बाहेर बाकापर्यंत येतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.